शेवटचा हात: घरच्या घरी कॅनव्हास छपाईचे रक्षण

काच बसवलेल्या तसबिरीला गंध लावता येते, हार घालता येतो, पितृपंधरवड्यात तिच्यासमोर दिवा-उदबत्ती लावता येते आणि घर आवरायला काढले की ओले फडके फिरवून सगळे पुसूनही टाकता येते. मराठवाड्यातल्या घरांत आजोबा-पणजोबांचे फोटो इतकी वर्षे टिकले, त्याचे मोठे श्रेय त्या दोन-तीन मिलिमीटर जाडीच्या काचेला द्यायला हवे. माणसांचा सगळा व्यवहार काचेशी होत होता. फोटोला कुणाचे बोट लागत नव्हते. आता बीड जिल्ह्यातल्या गेवराईसारख्या तालुक्याच्या गावीही जुना फोटो स्कॅन करायचा, त्यावरचे डाग संगणकावर काढायचे आणि दोन-तीन फुटी कॅनव्हासवर तो छापून घ्यायचा, अशी रीत पडते आहे. कॅनव्हासला काच नसते आणि लोकांना तेच आवडते. चेहऱ्यावर खिडकीचे प्रतिबिंब पडत नाही, कापडाचा पोत दिसतो, हाताने रंगवलेल्या चित्राचा भास होतो. घरातली माणसे मात्र त्याच्याशी काचेच्या तसबिरीसारखीच वागतात. कुंकवाचे बोट थेट कापडावर टेकते, कण छपाईच्या थरात शिरतात आणि पुसायला जावे तसा डाग पसरत जातो. घरात टांगायच्या अशा छपाईवर पारदर्शक लेपाचा हात हवाच, असे माझे म्हणणे आहे. पण तो हात चित्राचाच भाग होऊन बसतो, एकदा दिला की वेगळा काढता येत नाही. म्हणून लेप कोणता, किती पातळ आणि कोणत्या ऋतूत द्यायचा, हे शाई निवडण्याइतक्याच काळजीने ठरवावे लागते. या प्रकरणात तेवढेच सिद्ध करायचे आहे.

आधी छपाई कशाची बनलेली असते ते पाहू. छपाईचा कॅनव्हास सुती असतो किंवा सूत आणि पॉलिस्टर यांच्या मिश्रणाचा. त्याचे वजन बहुधा चौरस मीटरला ३४० ते ४०० ग्रॅम असते. या कापडावर कारखान्यातच एक पांढरा थर चढवलेला असतो. त्यात सिलिकासारख्या खनिजाचे अतिसूक्ष्म कण असतात आणि त्या कणांमधल्या पोकळ्यांत शाईचा थेंब पडताक्षणी शोषला जातो. म्हणूनच इंकजेट यंत्रातून बाहेर पडलेली छपाई लगेच कोरडी वाटते. पण शाई शोषून घेणाऱ्या पोकळ्या शाई सुकल्यावर बंद होत नाहीत. घाम, तेलकट वाफ, उदबत्तीचा धूर, हवेतला ओलावा या सगळ्यांना ती वाट मोकळीच राहते. खालच्या कापडाचाही स्वभाव लक्षात घ्यावा लागतो. गेवराई हा कापसाचा तालुका. कापूस ओल धरतो हे इथे कुणाला सांगायला नको. हवेत ६५ टक्के सापेक्ष आर्द्रता असेल तर कापूस आपल्या वजनाच्या सुमारे आठ टक्के पाणी धरून ठेवतो, पॉलिस्टर अर्धा टक्काही धरत नाही. वैशाखातली कोरडीठाक दुपार आणि श्रावणातली दमट रात्र यांच्यामध्ये सुती कॅनव्हास चौकटीवर सैल-ताठ होत राहतो. त्या हालचालीने पहिला तडा जातो तो कोपऱ्यावर, जिथे कापड लाकडावरून दुमडलेले असते.

शाईचे प्रकार दोन-तीन आहेत आणि पुढचे सगळे त्यांवर ठरते. एका प्रकारात रंगद्रव्य द्रवात पूर्ण विरघळलेले असते, त्याला डाय शाई म्हणतात. दुसऱ्यात रंगाचे घन कण द्रवात तरंगत असतात, ती पिगमेंट शाई. विरघळलेल्या रंगाचे रेणू सुटेसुटे असतात, त्यामुळे उजेड आणि हवा त्यांना लवकर गाठतात. कणातल्या रेणूंना त्यांच्या आसपासचे रेणूच आडोसा देतात. १९९० च्या सुमारास अमेरिकेत ग्रॅहम नॅश या संगीतकाराने आणि त्याच्या सहकाऱ्यांनी आयरिस नावाच्या यंत्रावर कलाकृतींच्या मोठ्या छपाया काढायला सुरुवात केली. छपाया देखण्या होत्या, पण शाई डायची होती आणि सुरुवातीच्या अनेक प्रती थोड्याच वर्षांत उतरू लागल्या. त्या अनुभवातूनच २००० नंतर पिगमेंट शाईची यंत्रे रूढ झाली. तालुक्याच्या बाजारात मात्र आणखी एक प्रकार भेटतो. वाढदिवसाचे आणि स्वागताचे फ्लेक्स छापणाऱ्या दुकानातल्या यंत्रावरच कॅनव्हासचा रोल चढवला जातो. त्याची शाई सॉल्व्हंट किंवा इको-सॉल्व्हंट असते. ती पाण्याने हलत नाही, पण स्पिरिटने किंवा थिनरने सुटते. छपाई करून घेताना दुकानदाराला यंत्र आणि शाई विचारून घ्यावी. उत्तर मिळाले नाही तर दुमडून मागे जाणाऱ्या कडेवर ओल्या कापसाचा बोळा हलक्या हाताने फिरवून पाहावा. रंग सहज बोळ्यावर उतरला तर शाई डायची आहे, किंचित उतरला तर बहुधा पिगमेंटची. पाण्याने काहीच झाले नाही आणि स्पिरिटच्या बोळ्याने रंग सुटला तर ती फ्लेक्सच्या यंत्रावरची. ही चाचणी केल्याशिवाय लेपाचा डबा उघडू नये.

आता छपाईचे नुकसान कशाने होते ते एकेक करून पाहू, कारण लेप विकणारे आणि विकत घेणारे दोघेही इथे गल्लत करतात. पहिले नुकसान स्पर्शाचे: बोट, कुंकू, फडके, झाडू, नेताना लागलेला ओरखडा. दुसरे पाण्याचे: गळणारे पत्रे, पावसाळ्यात ओल धरणारी भिंत. तिसरे हवेचे, आणि त्याकडे सहसा कुणाचे लक्ष जात नाही. २००० साली एप्सन कंपनीच्या एका नव्या फोटो प्रिंटरच्या छपाया काही ग्राहकांच्या घरी थोड्याच काळात नारिंगी दिसू लागल्या. उन्हात न ठेवलेल्याही बदलल्या; काचेआड ठेवलेल्या मात्र बचावल्या. हवेतला ओझोन त्या सच्छिद्र कागदातून शाईपर्यंत पोहोचत होता आणि निळसर सायन रंग खाऊन टाकत होता. सायन गेला की उरलेल्या रंगांचे मिश्रण नारिंगी दिसणारच. सच्छिद्र थरावरच्या छपाईला वाहती हवासुद्धा अपाय करू शकते, आणि हवा अडवणारी कोणतीही गोष्ट, मग ती काच असो की लेप, छपाई वाचवू शकते, याचा हा चांगला पुरावा आहे. स्पर्श, पाणी आणि हवा या तिन्हींना लेप खरोखर रोखतो. पोकळ्यांची तोंडे बुजतात, ओल्या फडक्याने पुसता येते, कोपऱ्यावरची शाई धरली जाते. लेप हवाच असे वर म्हटले, ते एवढ्यासाठी.

चौथे नुकसान उजेडाचे, आणि तिथे लेपाकडून फारशी आशा ठेवू नये. डब्यावर अतिनील किरणांपासून संरक्षण असे लिहिलेले असते आणि ते खोटे नसते, पण दोन गोष्टी त्यात राहून जातात. किरण शोषणारे द्रव्य किती किरण अडवील हे थराच्या जाडीवर अवलंबून असते, आणि घरी दिलेला लेप सुकल्यावर काही दशांश मिलिमीटरही उरत नाही, मायक्रॉनांत मोजावा इतकाच उरतो. शिवाय रंग फक्त अतिनील किरणांनी उतरत नाहीत, डोळ्यांना दिसणारा उजेडही ते काम करतो, आणि तो अडवला तर चित्रच दिसणार नाही. हिशोब करून पाहावा. एप्रिलमधल्या थेट उन्हात उजेड सुमारे एक लाख लक्स असतो. घराच्या आतल्या भिंतीवर दिवसा तो दोनशे लक्सच्या आसपास धरू. रंगाचे नुकसान ढोबळमानाने पडलेल्या एकूण उजेडाच्या प्रमाणात होते, म्हणजे दारातून येणारी उन्हाची तिरीप एक तास चित्रावर पडली तर आतल्या भिंतीवरच्या पाचशे तासांचा उजेड त्याला मिळाला. रोज दहा तास धरले तरी ते पन्नास दिवस होतात. पश्चिमेकडच्या दारासमोरची भिंत टाळून चित्र आतल्या भिंतीवर नेले तर जे साधते, ते कोणत्याही लेपाने साधणार नाही. आणखी एक गोष्ट अशी की स्वस्त कॅनव्हासचा पांढरेपणा बऱ्याचदा टिनोपॉलच्या जातीच्या द्रव्याने आणलेला असतो. हे द्रव्य अतिनील किरण घेऊन निळसर प्रकाश देते, म्हणून कापड पांढरेशुभ्र भासते. त्यावर अतिनील किरण अडवणारा लेप दिला की द्रव्याला किरणच मिळत नाहीत आणि चित्राचा पांढरा भाग त्याच दिवशी किंचित पिवळट दिसू लागतो. लेप खराब निघाला असे लोकांना वाटते. खरे तर लेपाने आपले काम केलेले असते. ज्याला हा फरक नको असेल त्याने छपाईच्या आधीच असे द्रव्य नसलेला, नैसर्गिक पांढरा कॅनव्हास मागावा.

लेप चित्राचा भाग होऊन बसतो म्हणजे काय होते, याचा मोठा धडा मराठवाड्याच्या उत्तर टोकाला आहे. अजिंठ्याच्या लेण्यांत एकोणिसाव्या शतकात चित्रांच्या नकला करण्याचे काम चालले. मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे जॉन ग्रिफिथ्स आपल्या विद्यार्थ्यांसह १८७२ पासून तिथे काम करत होते. अंधारात चित्रे नीट दिसावीत म्हणून त्या काळात भित्तिचित्रांवर व्हार्निश फिरवले गेले. क्षणभर रंग उजळले, पुढे त्याच थरावर धूळ आणि काजळी बसत गेली. त्यानंतर १९२० ते १९२२ या काळात हैदराबाद संस्थानाने इटलीहून लोरेन्झो चेक्कोनी आणि काउंट ओर्सिनी यांना बोलावले. बीड जिल्हा आणि अजिंठा तेव्हा एकाच निजामी राज्यात होते, आणि संस्थानाचे पुरातत्त्व खाते गुलाम यझदानी पाहत होते. इटलीच्या तज्ज्ञांनी सुटू लागलेले रंगाचे पापुद्रे भिंतीला पुन्हा चिकटवले. ते काम मोलाचे होते, त्यांनी केले नसते तर आज दिसणारा काही भाग गळून पडला असता. पण चित्रांवर त्यांनी लाखेचे व्हार्निशही दिले. वर्षे गेली तशी लाख पिवळी झाली, मग तपकिरी, आणि खालचे हिरवे-निळे रंग तिच्याखाली बुडाले. स्वातंत्र्यानंतर भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाच्या रसायनतज्ज्ञांना तो थर वीत-वीत करून काढावा लागला. संस्थानाने खर्चात हात आखडला नव्हता, माणसे आपल्या कामात निष्णात होती, हेतू रक्षणाचाच होता. चुकले ते एवढेच की पन्नास वर्षांनी तो लेप कसा दिसेल याचा विचार झाला नाही.

अजिंठ्याहून आलेला धडा कॅनव्हासला जसाच्या तसा लावता येत नाही, उलट तो इथे अधिक कडक होतो. तैलचित्रावरचे व्हार्निश जुने झाले की जाणकार माणूस ते द्रावकाने उतरवतो, कारण खाली सुकलेल्या तेलरंगाचा घट्ट थर असतो. भिंतीवरची लाखही कष्टाने का होईना निघाली. इंकजेट छपाईत खालचा थर सच्छिद्र असतो, त्यामुळे ओला लेप शाईच्या सोबतच त्या पोकळ्यांत उतरतो आणि तिथे सुकतो. पुढे तो काढू म्हटले तर त्याच द्रावकात शाई आणि शाई धरणारा थर दोन्ही सुटतील. संग्रहालयात काम करणारे काहीजण याच कारणाने छपाईवर लेप देऊच नये असे म्हणतात. त्यांचा आक्षेप खरा आहे, पण त्यांची परिस्थिती वेगळी आहे. त्यांच्याकडे मोजलेली आर्द्रता असते, काचेचे कपाट असते, आणि चित्राला हात न लावणारे प्रेक्षक असतात. गेवराईतल्या घरात फोडणीचा धूर आहे, चुलीचाही असू शकतो, शेतातून येणारा फुफाटा आहे, आणि आजोबांच्या फोटोला प्रेमाने लागणारे हात आहेत. लेप न देण्याचा सल्ला इथे पाळला तर छपाई काही वर्षांतच मळेल. म्हणून लेप द्यावा, मात्र तो काढता येणार नाही हे गृहीत धरूनच निवडावा.

असे गृहीत धरले की गावात सहज मिळणाऱ्या बहुतेक गोष्टी बाद होतात. सुताराकडचे लाखदाण्याचे पॉलिश म्हणजे अजिंठ्यावर दिलेलीच लाख, स्पिरिटमध्ये विरघळवलेली. ते वयाबरोबर पिवळे पडते, शिवाय त्यातले स्पिरिट फ्लेक्सच्या यंत्रावरची शाई जागेवरच ओढून नेते. फर्निचरचे चकचकीत पॉलिश लाकडासाठी कडक केलेले असते, कापड हलले की ते तडकते. रंगाऱ्याचे बेल तेल, म्हणजे उकळलेले जवसाचे तेल, तर मुळीच वापरू नये, आणि बीड जिल्ह्यात ते न वापरण्याला आणखी एक कारण आहे. जवसाचे तेल सुकताना पिवळे पडते आणि अंधारात अधिक पिवळे पडते. उजेडात तो पिवळेपणा थोडा तरी उतरतो. इथल्या हजारो ऊसतोड कुटुंबांची घरे दिवाळीच्या आगेमागे बंद होतात ती गाळप संपेपर्यंत, चार-सहा महिने. बंद, अंधाऱ्या घरात भिंतीवरच्या तेलाच्या लेपाला पिवळे पडायला याहून सोयीची जागा नाही. देवघरातल्या जुन्या छापील चित्रांवरही हे दिसते. राजा रविवर्म्याने १८९४ मध्ये मुंबईत छापखाना काढला. तिथल्या तैलमुद्रित चित्रांना रंगवलेल्या चित्राचे रूप यावे म्हणून वर व्हार्निश चढवत असत. आज त्या लक्ष्मी-सरस्वतींच्या मूळच्या उजळ कांतीवर जी मधाळ छटा दिसते तिच्यात कागदाबरोबर त्या व्हार्निशचाही वाटा आहे. अनेकांना ती छटा आवडते. पण आजोबांच्या पांढऱ्या फेट्यावर ती यावी असे कुणी ठरवून म्हणणार नाही.

मग उरतो तो शुद्ध ॲक्रिलिकचा लेप, खास कॅनव्हास छपाईसाठी किंवा चित्रकारांसाठी बनवलेला. ॲक्रिलिक फारसे पिवळे पडत नाही आणि सुकल्यावरही लवचीक राहते. पिगमेंट शाई असेल तर पाण्यावर आधारलेला लेप रोलरने द्यावा. डाय शाईवर तो देऊ नये, त्यातल्या पाण्याने रंग फुटतील. तिथे द्रावकावर आधारलेला स्प्रे, अगदी हलक्या फवाऱ्यांत. फ्लेक्सच्या यंत्रावरच्या शाईवर पाण्याचा लेप चालतो, फक्त आधी दोन-तीन दिवस छपाई उघडी ठेवून तिच्यातला सॉल्व्हंट उडू द्यावा आणि लेपाचे थेंब पृष्ठावर गोळा होत नाहीत ना, ते कडेवर पाहून घ्यावे. पिगमेंट छपाईलाही निदान एक दिवस द्यावा, कारण तिच्यातले काही द्रव सावकाश उडतात आणि लेपाखाली अडकले तर पुढे धुरकट दिसतात. स्प्रे मारायचा तर अंगणात किंवा गच्चीवर, नाकाला मास्क लावून, आणि समई, चूल, गॅस यांपासून दूर. त्याची वाफ पेट घेते.

लेप कधी द्यायचा हे गेवराईच्या हवेत लेपाच्या डब्याइतकेच महत्त्वाचे आहे, आणि बाहेर छापलेल्या सूचनापत्रकात ते सापडणार नाही. वैशाखात पारा चाळिशीच्या वर असतो आणि हवेत ओल नसते. तेव्हा पाण्याचा लेप रोलरवरच सुकू लागतो, दुसरा पट्टा पहिल्यात मिसळत नाही, आणि तिरप्या उजेडात नांगरटीसारख्या ओळी कायमच्या दिसतात. त्याच दिवसांत वावटळी उठतात आणि काळ्या मातीची धूळ बंद खिडकीतूनही आत येते. श्रावण-भाद्रपदात उलटे होते. लेप सुकता सुकत नाही, दिवसभर चिकट राहतो, स्प्रे असेल तर हवेतला ओलावा धरून पांढुरका होतो, आणि संध्याकाळी दिव्यावर आलेले किडे त्यात चिकटतात. कार्तिकापासून माघापर्यंतचे दिवस सगळ्यांत बरे, पण पहाट टाळून. ॲक्रिलिकचे सूक्ष्म थेंब एकमेकांत मिसळून सलग पापुद्रा व्हायला पुरेशी ऊब लागते. हवा दहा अंशांच्या आसपास असेल तर तो पापुद्रा नीट बनत नाही, वरून सुकलेला दिसूनही आतून कच्चा राहतो. सकाळी दहाच्या पुढे, ऊन चढल्यावर, आतल्या खोलीत काम करावे. आधी फरशीवर पाणी शिंपडून पुसून घ्यावे म्हणजे धूळ बसते, पंखा बंद ठेवावा, दार लोटून घ्यावे. छपाई चौकटीवर ताणण्याआधीच टेबलावर सपाट ठेवून लेप द्यावा आणि पूर्ण सुकल्यावर, काही दिवसांनी, ताणावी. डबा जोराने हलवू नये, फेस होतो आणि बुडबुडे चित्रावर राहतात. काठीने सावकाश ढवळावा. रंगाच्या दुकानात मिळणारा बारीक फोमचा रोलर यासाठी पुरतो. पहिला हात आडवा, अगदी पातळ. ओला असताना तो दुधासारखा दिसतो, घाबरून पुन्हा पुन्हा रोलर फिरवू नये. अर्धवट सुकलेल्या लेपावर फिरलेला रोलर पृष्ठ खरवडतो. काही तासांनी दुसरा हात उभा. दोन पातळ हातांनी काम होते. तिसरा दिला तर काही मिळत नाही, कोपऱ्यावर तडकण्याची शक्यता मात्र वाढते.

चकाकीचा प्रश्न लोक आवडीचा समजतात, पण त्यात थोडे भौतिकशास्त्रही आहे. चकाकणाऱ्या लेपाने काळा रंग खोल होतो, कारण पृष्ठ गुळगुळीत झाल्याने भलतीकडचा उजेड डोळ्यांकडे विखुरला जात नाही. मॅट लेपात उजेड विखुरण्यासाठीच बारीक भुकटी घातलेली असते, आणि ती जाड थरात गेली की काळ्या कोटावर, दाट केसांवर धुके धरल्यासारखे दिसते. जुन्या फोटोंत काळा भाग मोठा असतो, म्हणून पहिला हात चकाकीचा आणि वरचा एकच पातळ हात मॅटचा किंवा अर्धमॅटचा द्यावा. मग भुकटीचा थर पातळ राहतो आणि काळेपणाही टिकतो.

दोन आक्षेपांना उत्तर द्यायला हवे. पहिला: इतके करण्यापेक्षा कॅनव्हासलाच काच का लावू नये? हा आक्षेप मी बराचसा मान्य करतो. ज्या चित्राला रोज गंध-कुंकू लागणार, त्याला काच किंवा ॲक्रिलिकची पारदर्शक शीटच योग्य. कोणताही लेप रोजचे कुंकू वर्षानुवर्षे सोसणार नाही, आणि कुंकवातला रंग कृत्रिम असेल तर तो ॲक्रिलिकच्या लेपालाही रंगवतो. फक्त काच आणि कापड यांच्यामध्ये चौकटीत बारीक पट्टी घालून जागा ठेवावी, नाहीतर पावसाळ्यात कापड काचेला चिकटते आणि सोडवताना रंग काचेवर राहतो. पण बैठकीतले तीन-चार फुटी चित्र काचेसकट जड होते, मातीच्या भिंतीतली खुंटी ते पेलत नाही, आणि ज्या रूपासाठी कॅनव्हास निवडला ते रूपच जाते. तिथे लेप हवा. गरम प्लास्टिकचे लॅमिनेशन मात्र काच किंवा लेप यांपैकी कशाचीही जागा घेऊ शकत नाही. कापडाच्या उंचसखल पोतावर ते सगळीकडे धरत नाही, आणि दुमडलेल्या कडेला उन्हाळ्यात सुटू लागते.

दुसरा आक्षेप आजच्या काळाचा आहे: फाइल तर आहे, खराब झाले तर पुन्हा छापू. फाइल कुठे आहे हे विचारले की बहुतेक वेळा ती फोनवरून दुकानदाराला पाठवलेली असते. व्हॉट्सॲपवर फोटो नेहमीच्या पद्धतीने पाठवला की तो लहान होतो, लांब बाजू साधारण १६०० पिक्सेलपर्यंत येते. तीन फुटी, म्हणजे छत्तीस इंची छपाईला तेवढे पिक्सेल वाटले तर इंचाला चव्वेचाळीसच येतात, आणि चांगल्या कॅनव्हास छपाईला निदान दीडशेच्या आसपास लागतात. पहिली छपाई मूळ स्कॅनवरून झाली आणि दुसरी अशा आक्रसलेल्या प्रतीवरून, तर ते पुन्हा छापणे म्हणताच येणार नाही. स्कॅनची मूळ फाइल पेनड्राइव्हवर आणि आणखी एका ठिकाणी ठेवली असेल तरच हा आक्षेप टिकतो.

चित्र टांगताना मागच्या कोपऱ्यांना लाकडाचे किंवा बुचाचे लहान तुकडे लावावेत म्हणजे भिंत आणि कापड यांत बोटभर हवा खेळते आणि भिंतीची ओल सुताला लागत नाही. वर्षात दोनदा कोरड्या मऊ फडक्याने धूळ झटकावी; ओले फडके डाग पडला तरच, साबणाशिवाय. घर बंद करून जायचे असेल आणि चित्रे उतरवून ठेवायची असतील तर दोन छपाया तोंडाला तोंड लावून ठेवू नयेत, प्लास्टिकही मध्ये घालू नये. पत्र्याखालच्या उष्णतेत ॲक्रिलिक मऊ होते आणि एकमेकांना धरते. मध्ये बेकरीत वापरतात तो न चिकटणारा कागद घालून ती उभी ठेवावीत, वाळवीपासून दूर, जमिनीला न टेकवता. मागच्या लाकडी पट्टीवर छपाईची तारीख, शाईचा प्रकार आणि लेपाचे नाव पेन्सिलीने लिहून ठेवावे, कापडावर लिहू नये. आणि ज्या छोट्या कृष्णधवल फोटोवरून हे सगळे घडले, तो कॅनव्हास आल्यावर अडगळीत टाकू नये. नीट धुऊन काढलेला, चांदीच्या क्षारांवर उमटलेला तो जुना फोटो कोरड्या, अंधाऱ्या जागी बऱ्याच रंगीत शायांपेक्षा अधिक टिकतो. तो कागदी पाकिटात घालून लोखंडी कपाटाच्या मधल्या कप्प्यात ठेवावा, तळाच्या नव्हे, कारण ओल खालून चढते.